सोड्याच्या चादरी

वडिलांना लकवा झाला आणि आमच्या घरात धुण्याला अंत राहिला नाही. चादरी, लुंग्या, फडकी, दिवसभर तेच. विकतच्या पावडरीचा पुडा बघता बघता संपायचा, म्हणून आईनं पावडर घरीच करायला घेतली. बचत गटात तिला ते शिकवलं होतं. मी जालन्याहून तीर्थपुरीला घरी जाताना तिथल्या मस्तगड भागातल्या दुकानातून धुण्याचा सोडा न्यायचे, आणि सोबत फेसासाठी स्लरी म्हणतात तो काळपट, चिकट द्रव. आई नाकातोंडाला पदर बांधून घमेल्यात सोडा आणि मीठ घ्यायची, वरून स्लरी ओतायची आणि काठीनं ढवळत राहायची. घमेलं गरम व्हायचं, डोळे चुरचुरायचे. मग ते ताडपत्रीवर सावलीत वाळवायचं आणि चाळायचं. शिकवलेल्या मापापेक्षा ती सोडा नेहमी जास्त घालायची.

"डाग बघ कसा निघतो," म्हणायची. डाग निघायचा, त्याबद्दल वादच नाही.

तिला धास्ती एकाच गोष्टीची होती, भेटायला आलेल्यानं नाक मुरडू नये. आजाऱ्याच्या घरात वास येतो हे ती दुसऱ्यांच्या घरी जाऊन आल्यावर आम्हाला चवीनं सांगायची. आता लोक आपल्याबद्दल सांगतील, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. त्यापायी तिनं स्वतःचे हात सोलून घेतले.

पण कपड्यातला फेस धुऊन काढायला पाणी लागतं आणि ते आमच्याकडं नव्हतं. बोअर आटलेला. टँकर आला तर आला. चादर एकदाच खळबळून काढायची, तीही आधीच्या चादरीच्या पाण्यात. उन्हात वाळली की पापडासारखी कडक व्हायची. आईला तो कडकपणा स्वच्छतेचा वाटायचा.

वडिलांची वाचा गेली होती, डावा हात तेवढा हलायचा. त्या उन्हाळ्यात ते हातानं खुंटीवरची घोंगडी दाखवायला लागले. घोंगडीकडं बोट, मग स्वतःच्या अंगाखाली. पुन्हा घोंगडीकडं. आम्ही मूळचे मेंढरांमागं फिरणारे लोक. आता शेती आणि मजुरी करतो, पण माणूस जायला लागला की त्याला घोंगडीवर घ्यायची रीत आमच्या घरात अजून आहे. त्यामुळं त्या बोटाचा अर्थ कुणी कुणाला विचारला नाही. आई त्यांचा हात धरून खाली ठेवायची.

"असं मागू नका. मी करून राह्यले ना तुमचं सगळं बराबर?" म्हणायची, रडायची, आणि त्यांच्याखाली दुसरी धुतलेली चादर घालायची.

ते डोळे मिटून घ्यायचे. मला त्यांचा रागच यायचा. ही बाई मर मर मरते आणि हे रोज तिच्यासमोर मरण मागतात, याला काय म्हणावं?

मग त्यांची पाठ लाल झाली, कमरेजवळ सोलवटली. मी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरला घरी घेऊन आले. तिनं पाठ पाहिली. बोटं पाण्यात बुडवली आणि चादरीवर घासली. बोटं बुळबुळीत झाली.

"मावशी, सोडा निघालाच न्हाई यातला. घामानं ओला होतो अन् कातडं भाजतो. दुसरं काही टाका खाली, जल्दी."

दुसरं काही नव्हतं. घरातला कपडा न् कपडा त्याच पावडरीतून निघालेला. राहिली होती फक्त घोंगडी. लोकर खराब होते म्हणून आईनं तिला कधी सोडा लागू दिला नव्हता. लोकरीचं तिला ठाऊक होतं, माणसाच्या कातडीचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

सिस्टरनं साध्या पाण्यानं पाठ पुसून मलम लावलं. मी घोंगडी काढून अंथरली आणि सिस्टरनं आणि मी वडिलांना तिच्यावर सरकवलं. त्यांनी डावा हात लोकरीवरून एकदा फिरवला. थोड्या वेळात घोरायला लागले. भर दुपारी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

आई चादरीचा बोळा पोटाशी धरून उभी होती.

"मरण न्हाई मागत होते ते," ती म्हणाली. "भाजून राह्यलंय म्हणून सांगत होते. अन् मी रोज ताजी चादर घातली."