बसती टोळी

१९७३ साली, उन्हाळ्याच्या तोंडाला, एका शनिवारी दुपारी आमच्या गावच्या दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांचा पहिला पगार वाटला. चावडीच्या ओट्यावर कारकून आणि मुकादम, खाली रांगेत माझे वडील, मी आणि माझी आत्या. आत्याच्या नावावर रक्कम निघाली शून्य. आठवडाभर तिनं आमच्याबरोबर खडी फोडली होती, पण हजेरीपटावर तिचं नावच नव्हतं. तिची खडी वडिलांच्या ढिगात मोजली गेली होती.

आत्या चपला हातांत घालायची. लहानपणी तापात तिचं कमरेखालून वारं गेलं, तेव्हापासून ती दोन्ही हातांवर रेटा देत, बसल्या बसल्या पुढं सरकायची. टायरच्या त्या चपला सुप्याच्या बाजारातून यायच्या. नवखा चपलावाला पायाचं माप मागायचा. आत्या पंजा पुढं करायची, "ह्यो बघ पाय." चपला लवकर झिजतात म्हणून वडील बोलले, तर म्हणायची, "दादा, तुझ्यापरीस मी जास्त हिंडते, आनि काय."

घरात तिचा एक शब्द ठरलेला होता: "खाली." माठ घडवंचीवर नको, खाली. कंदिलाची खुंटी खाली. आई सुरुवातीला कुरकुरली, "आता सगळं घरच खाली आणा." पण माठ खाली आला तशी माझी धाकटी भावंडं स्वतःच्या हातानं पाणी घेऊ लागली आणि आईची उठबस वाचली. पुढं आईच पाहुण्यांना सांगायची, "आमच्यात माठ खालीच असतो." जणू आमच्या घराण्याची ती जुनी रीत.

आत्या कुणाला उचलू मात्र द्यायची नाही. देवळाची पायरी दिसली की चार माणसं हौसेनं धावायची. "मी काय पोतं हाय?" ती विचारायची. "उचलू नगा, वाट द्या."

मुकादम माणूस वाईट नव्हता. कामावर धडधाकट माणूस घ्यायचा आणि बाकीच्यांना सरकारकडून फुकट येणारा सुकडीचा खाऊ द्यायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आत्यानं त्याला माळावर गाठलं.

"आत्याबाई, सुकडी घरपोच दिऊ," तो म्हणाला. "निवांत बसून खा."

"बसून खायाचं असतं तर सावलीत बसले असते. हितं उन्हात कशाला? खडी समदेच बसून फोडत्यात. उभ्यानं फोडनारा एक तरी दाव."

मुकादमानं आजूबाजूला पाहिलं. सगळा माळ बसलेला होता.

"पर दगूड टेकडीवरनं कोन आननार?"

"आननाऱ्यानं आनावा आन् त्याची मजुरी त्यानं घ्यावी. फोडनाऱ्यानं फोडावा."

मी तिथंच हिशेब करून दाखवला. ढिगाचे तीन भाग करायचे, एक आणणाऱ्यांचा, दोन फोडणाऱ्यांचे. सरकारला एक पैसा जास्त पडत नव्हता. मुकादमाला हिशेब पटला. मी आणि माझा एक मित्र दगड उतरवू लागलो.

दुसऱ्या दिवशी आत्या एकटी आली नाही. देवीच्या साथीत डोळे गेलेले तात्या होते आणि आठवा महिना लागलेली शेजारची सखू होती. दोघांनाही तोवर सुकडीवर वाटेला लावलं होतं.

"आत्या, दगूड कुठं हाय?" तात्या हातोडी उगारून विचारायचे.

"तुमच्या म्होरं. तुमचं बोट बी तिथंच हाय, ते काढा आधी."

"तुला पाय न्हाईत, मला डोळे न्हाईत," तात्या म्हणाले.

"आन् मुकादमाला कान न्हाईत. त्यालाबी घिऊ टोळीत."

मुकादमानं ते ऐकलं आणि हसत कारकुनाला ओरडून सांगितलं, "लिवा, बसती टोळी!" कारकून विदर्भातून नवीनच बदलून आलेला. त्यानं ऐकलं 'वस्ती' आणि तिघांची नावं 'वस्ती टोळी' म्हणून हजेरीपटावर चढवली.

शनिवारी सकाळी बांधकाम खात्याचे साहेब मापं घ्यायला आले. "ही वस्ती कुठली? गावात अशी वस्ती मला माहीत नाही."



"रस्त्याच्या कडंलाच हाय, साहेब," आत्या म्हणाली. "सध्या तीनच घरं हायेत. वाढंल."

साहेबांनी तिघांकडं पाहिलं, मग टेप लावून ढीग मोजला. माप पुरं भरलं. "नावं आहेत, खडी आहे," ते म्हणाले. "पगार काढा."

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. पुढं शहरात, सावेडीत घर बांधताना पुढच्या दाराला मी पायऱ्यांऐवजी उतार करायला सांगितला. गवंड्यानं विचारलं, "घरात कुणी अधू आहे का?" मी म्हणालो, "अजून नाही." आज माझी आई काठी टेकत त्याच उतारावरून अंगणात जाते, कुणाचा हात न धरता. पायऱ्यांपेक्षा त्याला खर्च जास्त आला होता. आयुष्यात केलेल्या खर्चांपैकी तो मला सर्वांत कमी बोचला. अशी समज मला शाळेनं दिली नाही, आत्यानं दिली.

त्या शनिवारच्या पगाराचं सांगायचं राहिलं. कारकुनानं ओट्यावरून पुकारलं, "अनुसया!" सवयीनं वडिलांनी पायरीवर पाय ठेवला.

"दादा, थांब. नाव माजं पुकारलंय."

दोन पोरं तिला उचलायला पुढं झाली. तिनं नुसतं पाहिलं, पोरं मागं सरली.

"बाई, वर यावं लागेल," कारकून म्हणाला. "पैशाची पेटी सोडून मला हलता येत नाही."

"मंग पेटी घिऊनच या की."

रांगेत कुणीतरी हसलं. कारकुनानं मुकादमाकडं पाहिलं. मुकादमानं स्वतः पेटी उचलली, तो तीन पायऱ्या उतरला आणि आत्यासमोर धुळीत मांडी घालून बसला. मागोमाग हजेरीपट घेऊन कारकूनही बसला. तात्या आणि सखू सरकून जवळ आले.

ढिगाचे एकूण पन्नास रुपये चाळीस पैसे झाले. आणणाऱ्यांचे सोळा रुपये ऐंशी पैसे माझ्या मित्रानं आणि मी निम्मे निम्मे घेतले. उरलेले तेहतीस रुपये साठ पैसे तिघांना सारखे, प्रत्येकी अकरा रुपये वीस पैसे. आत्याचे आत्याच्या हातात दिले. तिनं ते दोनदा मोजले आणि मग अंगठा उठवला.