आईने बोटांनी वाचलेली फाइल

आईचा कॉम्प्युटर जुलैतल्या एका सकाळी सुरू झाला नाही. बटण दाबलं की आतला पंखा फिरायचा, हिरवा दिवा लागायचा आणि स्क्रीन काळी ती काळीच. आई काळाचौकीच्या आमच्या खोलीत एकटी राहते आणि मी परळला. तिने मला फोन केला तो कॉम्प्युटरसाठी नव्हे, त्यातल्या एका फाइलसाठी.

कोकणात आमच्या मूळ घरात एकच गणपती बसतो. चार घरं आहेत, दर वर्षी एका घराची पाळी. ज्याची पाळी त्याने मूर्ती सांगायची, भटजी बघायचा, पाच दिवस सगळ्यांचं जेवणखाण करायचं. या पाळ्यांवरून पूर्वी बरीच भांडणं झाली होती, म्हणून बाबा असताना सगळ्यांनी लालबागला काकांच्या घरी बसून लेखी ठराव केला होता. टाइप आईने केला, त्यासाठी तिचा कॉम्प्युटर तिथे नेला होता. सह्यांचा कागद काकांकडे होता. त्यांची चाळ पाडायला घेतली तेव्हा सामान हलवताना तो गेला.

यंदाची पाळी आमची, म्हणजे बाबांची. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. मी एकटीच मुलगी, मला भाऊ नाही. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, म्हणत होते की पाळी आता त्यांच्याकडे येते.

"तसं काहीतरी ठरलं होतं वहिनी," ते फोनवर म्हणाले. "नक्की शब्द आठवत नाहीत."

"मग कागदच बघू ना भावोजी," आई म्हणाली.

मी कॉम्प्युटर लालबागच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं, पण हार्ड डिस्क चांगली होती. ती बाहेर काढून त्याने एका छोट्या डबीत बसवून दिली. आईकडे येऊन मी ती केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली. आईचे सगळे फोल्डर जसेच्या तसे दिसले. 'पाळी' नावाची फाइलही होती. उघडली तर दोन पानं भरून इंग्रजी अक्षरं, एकाला एक लागून, कशालाही अर्थ नाही.

फाइल खराब झाली असं मी आईला सांगितलं. तिने चष्मा लावून बघितलं.

"खराब नाही. फॉन्ट नाहीये तुझ्याकडे."

आई गिरगावात एका वकिलांच्या ऑफिसात मराठी टायपिस्ट होती. टाइपरायटरची मशीन गेली, कॉम्प्युटर आले, तरी तिने मशीनचाच कीबोर्ड ठेवला आणि त्याला चालणारा जुना फॉन्ट. त्याची सीडी आता सापडत नव्हती. मी कोरं पान उघडलं आणि तिला 'काका' टाइप करायला सांगितलं. न बघता तिने चार कळा दाबल्या. स्क्रीनवर आलं डी, के, डी, के.

मग तिने उलटं सुरू केलं. स्क्रीनवरचं अक्षर बघायचं, त्या कळेवर बोट ठेवायचं आणि बोट काय म्हणतं ते बोलायचं. पहिली ओळ लागायला तिला पाच मिनिटं लागली. तारीख होती, खाली हजर माणसांची नावं. एवढं करून ती थांबली.

"रविवारी भावोजींना बोलाव," म्हणाली. "त्यांच्यासमोरच वाचते."

रविवारी दुपारी काका आले. लॅपटॉपमध्ये डोकावून म्हणाले, "माका ह्यातला काय एक समाजणा नाय."

"मला समजतं. तुम्ही बसा."

आईने वाचायला सुरुवात केली. आता तिचा हात बसला होता. आठ मुद्दे होते, तेवढे आकडे मलाही कळत होते. ती एक शब्द लावायची, मग पुढचा, आणि वाक्य पूर्ण झालं की ते सलग म्हणायची. काका मान डोलवत होते. मी शेजारी बसून कागदावर उतरवून घेत होते. पाळीचा क्रम, सुतक आलं तर काय, परदेशी असलेल्याने काय करायचं. पाचव्या मुद्द्यानंतर ती पाणी प्यायला उठली. परत आल्यावर पुढचं वाचलं. संपलं तेव्हा काकांच्या म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"बरं," काका म्हणाले. "मग तुमचीच पाळी. मूर्ती सांगून टाका." चहा घेऊन ते गेले.

संध्याकाळी मी कागद पुन्हा बघितला. त्यावर सातच मुद्दे होते. उतरवताना माझंच काही राहिलं असेल असं मला वाटलं.

पंधरा दिवसांनी गिरगावात एका पत्रिका छापणाऱ्याकडे तो जुना फॉन्ट मिळाला. पेन ड्राइव्हवरून तो लॅपटॉपमध्ये टाकला आणि फाइल लगेच मराठीत उघडली. आईने वाचलेला शब्दन् शब्द बरोबर होता. फक्त सहावा मुद्दा तिने वाचला नव्हता. ज्या घरात मुलगा नाही त्या घराची पाळी घरधन्याच्या मागे त्याच्या धाकट्या भावाकडे जाईल, असं त्यात होतं.

मी प्रिंट घेऊन काळाचौकीला गेले. आई भाजी निवडत होती.

"सहावा मुद्दा तू वाचला नाहीस."

"नाही वाचला."

"का?"

"टाइप करताना मला कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "सगळे बोलत होते आणि मी टाइप करत होते. तू तेव्हा कॉलेजात होतीस. संध्याकाळी घरी येऊन तुला वाढलं."

मी प्रिंट घेऊन परळला परत आले. पण तो कागद घरात ठेवून मला चैन पडेना. चार दिवसांनी मी तो काकांना नेऊन दिला. त्यांनी उभ्यानेच वाचला.

"म्हणजे वहिनींनी हा गाळला."

"हो."

"तुला काय वाटतं?"

"मला पाळी करायचीय," मी म्हटलं. हे मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

काकांनी कागदाची घडी करून खिशात टाकली. "मूर्ती सांगून झाली. तिकिटं काढली. आता काय बदलत बसायचं."

मी कागद दिल्याचं आईला सांगितलं, तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोन करून तांदूळ किती न्यायचे ते विचारलं.

गणपती आम्ही केला. पूजेला कोण बसणार असं भटजींनी विचारलं, तेव्हा काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पाचही दिवस ते आईशी कामापुरतंच बोलले, पण पंगतीला वाढायला उभे राहिले आणि विसर्जनाला मूर्तीचा पाट एका बाजूने त्यांनीच धरला. कागदाचा विषय कुणी काढला नाही.

आईला मी नवा कॉम्प्युटर घेऊन दिला आणि जुना फॉन्ट त्यात टाकून दिला. सहावा मुद्दा बदलायचा तर चारी घरांची बैठक घ्यावी लागेल. ती अजून झालेली नाही.