कलकत्त्यात मी ‘पळा’ म्हणाले

हावड्याला गाडी साडेतीन तास उशिरा पोचली. सांगली सोडून तिसरा दिवस उजाडला होता. अंगावर कोळशाची पूड, पायांना सूज आणि डोक्यात अजून रुळांचा खडखडाट. फलाटावर माझा धाकटा भाऊ वसंता भलत्याच डब्यात डोकावत होता. मी हाक मारली तसा धावत आला. त्याच्या मागून त्याची बायको सुधा आली आणि त्या गर्दीत, हमालांच्या पायांत, चक्क वाकून नमस्कार करू लागली.

बँकेनं वसंताला तीन वर्षांपूर्वी इकडे पाठवलं आणि त्यानं इथंच लग्न केलं. सुधा मराठीच, पण तिचे आजोबा नोकरीसाठी कलकत्त्याला आले ते इथलेच झाले. लग्नाच्या वेळी मी काविळीनं अंथरुणाला खिळले होते, म्हणून आमची ही पहिलीच भेट.

“ताई, आधी पाणी खाल?” तिनं थर्मास पुढे केला.

बावीस वर्षं मी शाळेत मुलींना कवायत आणि प्रथमोपचार शिकवते. चूक दिसली की मला राहवत नाही. “पाणी पितात ग, खात नाहीत,” मी म्हणाले.

“बंगालीत ‘जोल खाय’ म्हणतात,” वसंतानं बाजू घेतली.

“मग बंगालीत म्हणावं.”

ती हसली, पण हसताना तिनं खाली पाहिलं. ते मला दिसलं होतं, हे आता कबूल करते.

बालीगंजमधल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पुढचे चार दिवस मोठे मजेत गेले. सत्तर साल संपत आलं होतं. भिंतींवर लाल-काळ्या अक्षरांत नक्षलवाद्यांच्या घोषणा, कुठल्या गल्लीत संध्याकाळी जाऊ नये याच्या सूचना, आणि तरीही सकाळी बाजारात माशांपुढे तासभर घासाघीस करणारी निवांत माणसं. थंडी अशी की पुण्याकडचा माणूस सदऱ्यावर फिरेल, पण इथले लोक कानटोपी घालून खोकतात. सुधाच्या वरणात मेथी, बडीशेप, कलौंजी अशी पाच दाण्यांची फोडणी असे, त्याला ‘पाचफोरन’ म्हणतात. पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. नोलेन गुडाचा (खजुराच्या ताज्या गुळाचा) संदेश मात्र पहिल्याच घासाला जिंकून गेला. सुधाची मराठी मी सुधारतच होते. ‘मला लाज करते’ नव्हे, ‘मला लाज वाटते’. ‘मी आली’ नव्हे, ‘मी आले’. चौथ्या दिवसापर्यंत तिनं माझ्याशी फार बोलणंच सोडलं. मला वाटलं, स्वभावच अबोल असेल.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही दोघी टॅक्सीनं कालीघाटला निघालो. वसंता बँकेत होता. चालक पन्नाशीचे सरदारजी, हॉर्न वाजवण्यात अत्यंत उदार. इथं ट्राम रस्त्याच्या मधोमध चालते आणि उतरणारा माणूस सरळ वाहनांच्या रांगेत पाय टाकतो. आमच्या पुढची ट्राम थांबते न थांबते तोच धोतर नेसलेले, काखेत छत्री असलेले एक म्हातारे गृहस्थ उतरले. सरदारजींनी ब्रेक दाबला. तो लागलाही, पण हातभर उशिरा.

तो आवाज मी लिहिणार नाही.

मी दार उघडून धावले. म्हाताऱ्याची उजवी नडगी मोडली होती आणि पोटरीतून भळाभळा रक्त जात होतं. शुद्ध होती, श्वास ठीक होता, कपाळाला खरचटलं होतं. बावीस वर्षं जे फळ्यावर लिहिलं, ते करायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली होती. कोणाच्या तरी खांद्यावरचा गामछा (पंचा) मी ओढून घेतला, घडी करून जखमेवर दाबला आणि मान वर केली. भोवती पन्नास-साठ माणसांचं कडं झालेलं, सगळी नुसती बघत उभी. माझं डोकं फिरलं. हिंदी आठवेना, इंग्रजी आठवेना. मी जीव तोडून ओरडले, “अहो, बघत काय राहिलात? पळा! पळा कोणीतरी!”

सरदारजी बाजूला हात जोडून उभे होते. माझी हाक ऐकताच त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, उडी मारून टॅक्सीत बसले आणि गाडी सुरू केली.

“धोर! धोर!” (धरा! धरा!) असा एकच गलका उठला. त्यांना बाहेर खेचलं गेलं. काच फुटली, पगडी पडली, आणि ज्याचा हात पोचेल तो मारू लागला. दोघेतिघे माझ्यावर धावून आले. “आपनि ओके पालाते बोल्लेन कॅनो?” एक उंच तरुण दात-ओठ खात विचारत होता. मला काहीच कळेना. जखमेवरचा हात काढला असता तर रक्त पुन्हा सुरू झालं असतं, म्हणून मी तशीच बसून राहिले आणि मार खायची तयारी केली.

त्यानंतर मला कळलं की बंगालीत ‘पाला’ म्हणजे नुसतं धाव नव्हे, तर पळून जा, निसट. माझ्या शुद्ध मराठीनं मी त्या चालकाला सांगितलं होतं की बाबा, जीव वाचव. ‘त्याला पळायला का सांगितलंत?’ हेच तो उंच तरुण मला विचारत होता. आणि जखमीला दवाखान्यात नेईल अशी जवळ एकच गाडी होती, ती त्याचीच.

तेव्हा सुधा मध्ये पडली. माझ्याशी पुटपुटत बोलणारी सुधा माझ्यापुढे हात पसरून उभी राहिली आणि तिचा आवाज ट्रामच्या घंटेवर चढला. “ओनार भाषाय पळा माने दौडान!” (यांच्या भाषेत पळा म्हणजे धावा!) मग ती भरभर बोलत राहिली. नंतर तिनंच मला त्याचा अर्थ सांगितला. मारायचंच असेल तर नंतर मारा, ती म्हणत होती, आता हा माणूस गाडी चालवणार आहे. याचे हात मोडलेत तर मेशोमोशायना (काकांना) तुम्ही खांद्यावर नेणार का? बोलता बोलता ती थेट त्या मारामारीत शिरली. एक हात उगारलेला तसाच राहिला. तिनं धुळीतली पगडी उचलली, पदरानं झटकली आणि दोन्ही हातांनी सरदारजींना दिली.

तिथे एकदम सगळं शांत झालं. सरदारजी रडत होते.

“जोल खाबो,” खाली म्हातारा क्षीण आवाजात म्हणाला. एवढी बंगाली आता मला येत होती. पण शस्त्रक्रिया लागणार असेल तर पोटात पाणी जाऊ द्यायचं नसतं. मी मान हलवली. सुधानं रुमाल भिजवून त्यांचे ओठ ओले केले आणि कानाशी वाकून काहीतरी समजावलं. ते लहान मुलासारखे ऐकून गप्प राहिले.

मग आम्ही दोघी एक झालो. मी मराठीत सांगायची, ती बंगालीत ओरडायची. त्यांचीच छत्री पायाला लावून धोतराच्या पट्टीनं बांधली. चौघांना चार जागी बसवलं, डोकं, कंबर, मांड्या, पाऊल. “आस्ते, आस्ते (सावकाश),” असं म्हणत एकाच वेळी उचलून मागच्या सीटवर निजवलं. डोकं सुधाच्या मांडीवर, आणि मी खाली दाटीवाटीनं बसून जखम दाबलेली. मघाशी माझ्यावर धावून आलेला तो उंच तरुण पुढे सरदारजींशेजारी बसला आणि खिडकीतून अर्धा बाहेर झुकून, लाल रुमाल हलवत सगळ्या रस्त्याला बाजूला हो म्हणून ओरडत राहिला. त्या सरदारजींच्या गालावर याचीच बोटं उठली होती.

दवाखान्यात तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. वेळेवर आणलंत, पाय वाचेल, म्हणाले. ते गृहस्थ निवृत्त शिक्षक निघाले. पोलीस आले तेव्हा त्यांनीच सांगितलं, मी न बघता उतरलो. सुधानंही तेच सांगितलं. सरदारजींना ठाण्यावर जावं लागलंच, पण जाताना त्यांनी सुधाच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी येऊन आंघोळी केल्या. ऊन उतरलं होतं. गॅलरीत ती चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता रडू लागली. मी तिला जवळ बसवलं. तिचं रडणं ओसरल्यावर ती अडखळत बोलू लागली.

“मी तेरा वर्षांची होती. बाबा गाडी चालवत होते. एक सायकलवाला मध्ये आला. बाबा उतरले, म्हणत होते, गाडी आहे, मी नेतो त्याला, मला नेऊ द्या. कोणी ऐकलं नाही. सगळे बाबांना मारत होते आणि तो माणूस तिथंच पडून होता. मग तो मरून गेला.” तिनं पदरानं डोळे पुसले. “मला बोलता येत होतं, ताई. मला लहान मुलीला कोणी मारलं नसतं. पण मी सीटच्या खाली बसून राहिली.”

त्यानंतर तिच्या वडिलांनी गाडी विकली आणि पुन्हा कधी चाकाला हात लावला नाही. मी तिचा हात धरून बसले. पाच दिवस मी या मुलीची क्रियापदं मोजत होते, याची मला मनापासून शरम वाटली आणि तसं मी तिला सांगितलंही.

सांगलीला परतले. आठवीच्या वर्गात प्रथमोपचाराचा तास घेतला. रक्त थांबवा, मोडलेला भाग हलवू नका, पाणी देऊ नका, मुली वहीत उतरवत होत्या. मग पुस्तकात नसलेलं एक वाक्य मी फळ्यावर लिहिलं, ‘ज्याच्या हातून घडलं, त्यालाही सांभाळा, आणि तुम्हाला बोलता येत असेल तर बोला.’ एका मुलीनं विचारलं, बाई, हे परीक्षेला आहे का? मी म्हणाले, आहे.

सुधानं गॅलरीत सांगितलेलं मात्र इथं लिहावं की नाही, कळेना. तिची गोष्ट, मी कोण सांगणारी? म्हणून तिला पत्र टाकलं. आठवड्यानं उत्तर आलं, मोठ्या, जपून काढलेल्या अक्षरांत:

“लिहा ताई. सगळं लिहा. छापून आलं की एक प्रत पाठवा, मी बाबांना वाचून दाखवीन. ते अजून म्हणतात, तू लहान होतीस, तुला काही आठवत नसेल. मला आठवतं. बाबा त्याला नेतो म्हणत होते, हे मी ऐकलं होतं. हे त्यांना कळू दे.”