करड्या स्कूटरचा चासी नंबर

रामदास मेश्राम पोलिसांना भीत. काही केलेलं नव्हतं म्हणूनच भीत. ज्यानं काही केलंय त्याला निदान कशाला भ्यायचं ते ठाऊक असतं; रामदासांना सगळ्यालाच भ्यावं लागे. भंडाऱ्याहून सरकारी नोकरीसाठी पुण्यात येऊन तीस वर्षं झाली, कर्वेनगरात फ्लॅट झाला, निवृत्ती पुढच्या वर्षावर आली. तरी चौकात खाकी दिसली की हेल्मेटचा पट्टा लावलेला असूनही ते चाचपून पाहत.

आणि आता तर भ्यायला कारणही मिळालं होतं. गाडीच्या आरसी कार्डावरची अक्षरं खिशातल्या घामानं पार पुसून गेली होती. हाफिसातलं कुणीतरी म्हणालं, "साहेब, कार्ड कशाला? सरकारी अ‍ॅपमध्ये गाडी टाका, मोबाइल दाखवा, विषय संपला."

रविवारी सकाळी रामदास गाडी टाकायला बसले. अ‍ॅपनं गाडीचा नंबर विचारला, तो त्यांना पाठ होता. मग विचारले चासी आणि इंजिनच्या नंबरांचे शेवटचे आकडे. ते कार्डावरून पुसले गेले होते, म्हणजे गाडीवरूनच वाचायला हवेत. रामदास पार्किंगमध्ये गेले, वर्तमानपत्र अंथरलं आणि करड्या स्कूटरखाली आडवे झाले. वरून त्यांच्या पत्नी नंदाताई मोबाइलचा टॉर्च धरून उभ्या.

तेवढ्यात तळमजल्यावरचे अभय साने दूध घेऊन आले.

"मेश्राम, व्यायाम चाललाय की गाडी अंगावर पडलीये?"

"चासी नंबर वाचतोय."

"वाचा, वाचा. वाचन वाढलंच पाहिजे."

आकडे मिळाले, अ‍ॅपमध्ये घातले. उत्तर आलं: माहिती जुळत नाही. पुन्हा खाली गेले, चष्मा पुसून वाचलं, पुन्हा घातले. जुळत नाही. तिसऱ्यांदा अ‍ॅपनं सांगितलं की आजची संधी संपली, उद्या प्रयत्न करा.

"टायपायला चुकलं असेल," रामदास म्हणाले.

"मी बघत होते ना," नंदाताई म्हणाल्या. "अगदी बरोबर होतं."

साने अजून तिथंच होते. दूध नासलं असतं तरी ते हलले नसते. "गाडी कुणाची आहे, मेश्राम?"

"म्हणजे काय? माझीच!"

"असं आपण म्हणता. सरकार म्हणत नाहीये. नवी घेतली होती?"

रामदासांच्या कपाळावर घाम आला. अकरा वर्षांपूर्वी एका बदली झालेल्या सहकाऱ्याकडून त्यांनी ती जुनी घेतली होती. माणूस हसतमुख होता. इतका हसतमुख का होता, हा प्रश्न त्यांना आज पहिल्यांदा पडला.

म्हणजे अकरा वर्षं आपण चोरीच्या गाडीवर फिरतोय? तिच्यावर बसून हाफिसात गेलो, भाजी आणली, दीक्षाभूमीला निघताना स्टेशनपर्यंत गेलो! निवृत्तीच्या तोंडावर पोलीस केस. त्यांना बेड्यासुद्धा दिसल्या. बेड्या घातल्यावर चष्मा कसा वर सरकवायचा, इथपर्यंत विचार गेला.

"काहून एवढे घाबरता जी?" नंदाताईंच्या तोंडी काळजीच्या वेळी माहेरची बोली यायची. "आपण काही चोरलं आहे का?"

"चोरलं नाही, पण चालवली ना!"

सान्यांना शेवटी दया आली. "आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, स्वारगेटला नवी सक्तीची नंबरप्लेट बसवलीत ना? ते लोक चासी नंबर तपासूनच पाटी देतात. त्यांना विचारा. आणि अटक झाली तर सोसायटीचा पत्ता देऊ नका."

रामदास निघाले. मुख्य रस्ते टाळून, गल्लीबोळांतून, मागे नंदाताईंना घट्ट बसवून. गाडी मात्र मजेत पळत होती. आठवडाभर ती अशीच पळत होती. रामदासांना वाटलं होतं, नव्या पाटीनं हुरूप आला असेल.

पाटी बसवणाऱ्या दुकानदारानं चासी पाहिली, त्याच्या मोबाइलमधलं काहीतरी पाहिलं, आणि आपल्या माणसाकडे अशी नजर टाकली की तो माणूस आपोआप चहा आणायला गेला.

"काका, त्या दिवशी दोन करड्या गाड्या एकदम आल्या होत्या. जुन्या पाट्या काढल्या, किल्ल्या गाड्यांनाच होत्या... नव्या पाट्या एकीच्या दुसरीला बसल्या. तुम्ही तुमची पाटी बघून गाडी नेलीत. गाडी दुसऱ्यांची आहे."

रामदास स्टुलावर बसले. अकरा वर्षांची चोरी आठ दिवसांवर आली, पण चोरी ती चोरीच.

दुकानदारानं फोन केल्यावर तासाभरात दुसऱ्या गाडीच्या मालकीण, नारायण पेठेतल्या वासंती गोखले, त्यांच्या करड्या स्कूटरवरून आल्या. म्हणजे रामदासांच्या. उतरताच त्यांनी विचारलं, "माझी गाडी नेणारे आपणच का?"

"अहो ताई, मला खरंच कळलं नाही, पोलिसांत जाऊ नका," रामदास उभे राहून म्हणाले. "तुम्हाला काही वेगळं वाटलं नाही?"

"वाटलं ना. डिकी उघडेना. ब्रेक दाबला की गाडी आधी विचार करी, मग थांबे. मला वाटलं, गाडी तीच आहे, मीच म्हातारी झाले." त्या किंचित थांबल्या. "मुलाला सांगणार होते, आता गाडी सोडते म्हणून."

नंदाताईंनी आपली चहाची कपबशी त्यांच्यापुढे केली.

पाट्यांची एकदाच बसणारी कुलुपं कापून अदलाबदल झाली. वासंतीबाईंनी आपली डिकी उघडून आतला रेनकोट कुणीतरी परगावाहून आल्यासारखा कुरवाळला. मग रामदासांना म्हणाल्या, "पोलिसाला काय भिता? त्या ब्रेकला भ्या. मी आठवडाभर भ्याले."

रामदासांनी ब्रेक दाबून पाहिला. खरंच, गाडी विचार करत होती. अकरा वर्षं या गाडीवर नंदाला मागे बसवून आपण फिरलो! या भीतीपुढे बेड्या काहीच नव्हत्या. त्यांनी गाडी सुरूच केली नाही. चौकापलीकडच्या गॅरेजकडे ती ढकलत निघाले, नंदाताई मागून हात लावून.

चौकाच्या मधोमध हवालदारानं त्यांच्याकडे पाहिलं आणि हात वर केला. कार्ड कोरं, अ‍ॅप उद्यावर. रामदास जागीच थांबले.

"काका, थांबलात काय? चला की!" हवालदार ओरडला. हात रामदासांसाठी नव्हता. मागून येणाऱ्या बसला त्यानं अडवलं होतं, दोन म्हाताऱ्या माणसांना गाडी ढकलत जाता यावं म्हणून.