टोपी रुसते म्हणून

"बघून काय होतंय? घाल." असं म्हणून तो समोरच्याच्या डोक्यावर सरळ टोपी चढवायचा. हवी का नको, हे विचारायची पद्धत त्याच्याकडे नव्हती.

ऑस्ट्रेलियात, टार्निटमध्ये तो आमच्यापासून चार घरं सोडून राहायचा. वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा, मूळचा गुहागरकडचा. वर्षाची सगळी रजा तो शिमग्यासाठी राखून ठेवी, कारण गावच्या खेळ्यांत, म्हणजे घरोघर नाचत फिरणाऱ्या सोंगांच्या मेळ्यात, संकासुर तोच व्हायचा. काळा अंगरखा, तोंडावर काळा मुखवटा, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, हातात दोर आणि डोक्यावर ही उंच निमुळती टोपी. वडिलांनंतर तो मान त्याच्याकडे आला होता.

एका शिमग्यात नाचताना टोपी उसवली. बायकोच्या मशीनवर नीट शिवून पुढच्या वर्षी आणतो, असा गावाला शब्द देऊन तो सगळा वेश इकडे घेऊन आला, आणि कोविडने सीमा बंद झाल्या. टोपी टार्निटला, गाव कोकणात. कुरियरने पाठव म्हटलं तर चिडला. "पाठवायला ते काय बूट आहेत?"

गावातले एक म्हातारे गावकर, म्हणजे देवळाचे मानकरी, दर रविवारी फोन करून आधी टोपीची तब्येत विचारायचे, मग याची. त्यांचं एकच म्हणणं होतं, न नाचलेली टोपी रुसते. रुसलेली टोपी परत आली तर शिमग्याला संकासुर कुठून आणायचा? पण शिफ्ट सांभाळून हा एकटा किती नाचणार? शेवटी गावकरांनी परवानगी दिली, कुणीही घाला, फक्त नाचल्याशिवाय उतरवू नका.

असं त्याचं म्युझियम सुरू झालं. दोन लॉकडाउनच्या मधल्या मोकळ्या दिवसांत त्याने गॅरेजमधली गाडी बाहेर काढली आणि शटरवर 'शिमगा म्युझियम' असा पुठ्ठा लावला. आत ढोल, झांजा, पालखीचे फोटो आणि कपडे वाळवायच्या स्टँडवर गोमूची साडी. गोमू म्हणजे बाईच्या वेशात नाचणारा पुरुष, हे त्याने मला साडी माझ्या खांद्यावर टाकूनच समजावलं. म्युझियममध्ये वस्तूंना हात लावायचा नसतो, हे तुम्हाआम्हाला शाळेपासून शिकवलेलं. इथे हात न लावणाऱ्याला बाहेर सोडत नसत.

मी पुण्याचा. शिमगा म्हणजे पुरणपोळी, एवढंच माझं ज्ञान. "पुणेकर, बघून काय होतंय?" म्हणत त्याने टोपी चढवली, ढोल गळ्यात घेतला आणि मला ड्राइव्हवेवर एक फेरी मारायला लावली. मी नाचलो त्याला नाच म्हणायचा की नाही, हे टोपीलाच ठाऊक. माझी मुलगी हसून हसून गवतावर लोळली. "बाबा, यू वेअर सो बॅड!" मग तिने स्वतः तीन फेऱ्या मारल्या. शेजारची इटालियन आजी नाचली, पार्सलवाला नाचला, आमची एरवी गंभीर असलेली फॅमिली डॉक्टरसुद्धा नाचली. इतकं खूळ आमच्या गल्लीने त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुन्हा लॉकडाउन लागला आणि म्युझियम बंद पडलं. पण व्यायामाला बाहेर पडायची मुभा होती. हा पठ्ठ्या रोज दुपारी पूर्ण वेशात फुटपाथवर नाचू लागला आणि आम्ही आपापल्या खिडक्यांतून टाळ्या वाजवू लागलो. कुणीतरी तक्रार केली असावी. पोलिसांची गाडी आली. काळ्या मुखवट्याच्या नाकावर त्याने नियमाप्रमाणे निळा सर्जिकल मास्क चढवलेला होता.

"व्हॉट आर यू डूइंग, मेट?"

"एक्सरसाइज," संकासुर म्हणाला.

पोलिसाने मुखवट्यावरचा मास्क नीट बसलाय ना, ते पाहिलं. मग "नो वरीज" म्हणून गाडीत बसला. त्याच्या डोक्यावर टोपी चढवता आली नाही, याची हळहळ आमच्या संकासुराला कितीतरी दिवस होती.

सीमा उघडल्या तसा तो पहिल्या शिमग्याला निघाला. टोपी विमानात मांडीवर घेऊन गेला. महिनाभरात येतो म्हणाला होता.

आला नाही. फोन केला तेव्हा म्हणाला, "टोपी पोचली रे, खूश आहे. पण मधल्या दोन वर्षांत पोरं पांगली, आणि ते गावकरही वारले. तुमच्याकडे तिला इतकी डोकी होती. इथे माझं एकच आहे. मी निघालो तर ती पुन्हा बसून राहील." एवढं बोलून त्याने माझी नाही, माझ्या नाचाची चौकशी केली.

काही महिन्यांनी त्याची बायकोही गावी त्याच्याकडे गेली. घर विकलं गेलं. आता त्या गॅरेजमध्ये नव्या माणसांची मोठी पांढरी गाडी असते. मला त्याची फार आठवण येते.

संध्याकाळी फिरायला निघालो की माझी मुलगी त्या ड्राइव्हवेवर वळते, एक फेरी मारते आणि पुढे चालू लागते. नवे लोक दारातून बघतात. मी त्यांना हात करतो, थोडा ओशाळतो आणि मग मीही एक फेरी मारतो. अजून तितकीच वाईट.