दोन बोटांचं अंतर

वडिलांनी मळ्यातला भाजीपाला मार्केटला न्यायला सेकंडहँड मोटार घेतली, तेव्हा मी कॉलेजात होतो. इंदिरानगरातल्या पोरांच्या गाड्या रस्त्याला चिकटून पळायच्या. आमची मात्र चिखलातून चालताना धोतर वर धरल्यासारखी दिसायची. मला ते बघवेना. मी गाडीची उंची कमी करायचं ठरवलं.

खिसा बेताचा असला तरी मी अडाणीपणा करणार नव्हतो. नुसती स्प्रिंग कापली की धक्के झेलणारे जुने शॉकअप तिला आवरत नाहीत आणि गाडी उड्या मारते, हे मला ठाऊक होतं. म्हणून आखूड स्प्रिंगा नव्या घेतल्या आणि त्यांना जुळणारे शॉकअप भंगार बाजारात हुडकले. टायर आणि पत्र्यामध्ये दोन बोटं अंतर ठेवलं. गाडी काय दिसत होती!

सकाळी वडिलांनी नेहमीसारखे टोमॅटोचे कॅरेट मागे भरले आणि पत्रा टायरवर बसला. मी माप घेतलं होतं रिकाम्या गाडीचं. आमची गाडी रिकामी असायची कधी?

आता शिव्या बसणार म्हणून मी आधीच तोंड फुगवून उभा राहिलो. वडील गाडीभोवती फिरले.

"दिसती झ्याक," ते म्हणाले. "पण हिला कोथिंबीरच झेपंल."

कोथिंबीर गाडीत ठेवून त्यांनी बसतील तेवढे कॅरेट आपल्या मोटारसायकलला बांधले. मार्केटपर्यंत ते पुढे आणि मी गाडी घेऊन मागे. वाटेत खड्डा आला की ते हात वर करून मला दाखवत होते.