दोनशे बारा साचे

ऋजुता हा गुण लाकडात लवकर दिसतो, माणसात उशिरा. सुतार फळी डोळ्यांशी धरतो, एक डोळा मिटतो आणि क्षणात सांगतो की हिला बाक आहे. माणसाला असे डोळ्यांशी धरता येत नाही. ज्याच्यावर वाकण्याचा प्रसंगच आला नाही तो आयुष्यभर सरळ म्हणवून घेतो. त्यात त्याचे पुण्य किती आणि परिस्थितीची कृपा किती, हे कोणी तपासत नाही. परीक्षा होते ती वाकणे सोपे असते आणि पाहणारे कोणी नसते तेव्हा. अशी एक परीक्षा मी शेजारच्या घरात पाहिली. ती देणाऱ्या बाई उत्तीर्ण झाल्या, आणि त्यांना सर्वांत प्रिय असलेले काम त्यात गेले.

विमानांना लागणारे नकाशे जिथे तयार होतात, त्या कार्यालयात त्या एकोणतीस वर्षे होत्या. त्यांचे खरे नाव हजेरीपटापुरते उरले होते. नकाशावरच्या अक्षरांच्या दोन ओळींत अर्धा मिलिमीटर अंतर हवे म्हणजे हवेच, हा त्यांचा हट्ट. त्यावरून कोणी त्यांना ‘अर्धा मिलिमीटर’ म्हणू लागले आणि पुढे त्याचे ‘मिलीताई’ झाले. एका नव्या कारकुनाने भाबडेपणाने विचारले, “ताई, मिलीचं पूर्ण नाव काय हो?” त्या चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, “अर्धा मिलिमीटर. लग्न केलं नाही, म्हणून अर्धाच राहिला.”

त्यांचे काम समजावून सांगणे सोपे नाही, पण सांगितल्याशिवाय त्यांचे दुःखही कळायचे नाही. विमानाच्या नकाशावर प्रत्येक खुणेशेजारी एक लेबल असते: मनोऱ्याची उंची, धावपट्टीचा क्रमांक, संदेशकेंद्राचे नाव. ही लेबले हाताने लिहीत नाहीत. संगणकात प्रत्येक प्रकारासाठी एक साचा असतो. कोणती ओळ वर, कोणती खाली, अक्षर केवढे, दोन लेबले एकमेकांवर आली तर कोणी बाजूला सरायचे, हे सारे तो साचा ठरवतो. साच्यात एक शब्द बदलला की शेकडो नकाशांवरची लेबले त्या क्षणी बदलतात. विहिरीत औषध टाकावे आणि ते गावातल्या प्रत्येक घागरीत उतरावे, तसे हे काम. मिलीताईंनी असे दोनशे बारा साचे घडवले होते. घरी मात्र त्यांच्या एकाही बरणीवर चिठ्ठी नव्हती. त्यांचे थोरले बंधू तक्रार करीत, “आभाळाला लेबलं लावतेस आणि मला रोज चहात मीठ घालायला लावतेस.”

हे बंधू घड्याळजी. हात थरथरू लागल्यावर त्यांनी दुकान बंद केले होते. त्यांना सारेच दादा म्हणत. बहीण-भाऊ दोन खोल्यांत राहत. त्यांची आणि आमची भिंत एकच होती.

निवृत्तीला सात महिने उरले असताना कार्यालयात नवी संगणक प्रणाली आली. जुने साचे एकेक करून तिच्यात न्यायचे होते आणि ते काम मिलीताईंकडे आले. त्या दिवसांत त्यांच्या चालण्यात एक वेगळीच लगबग असे. मुलगी सासरी पाठवताना आई जशी प्रत्येक घडी उलगडून पाहते, तशा त्या प्रत्येक साचा नेण्यापूर्वी त्याचा छापील नकाशा आणि मूळ नोंदींची यादी शेजारी ठेवून तपासत. आपण गेल्यावरही आपले साचे चालत राहतील, एवढेच त्यांना हवे होते. एकोणतीस वर्षांत त्यांनी दुसरे काही मागितल्याचे मला ठाऊक नाही.

एका दुपारी अडथळ्यांच्या साच्याची पाळी आली. अडथळे म्हणजे धुराडी, मनोरे, खांब. एका विमानतळाजवळ त्यांची लेबले फार दाटली होती, म्हणून काही महिन्यांपूर्वी त्यांनीच त्या साच्यात एक नियम घातला होता: दोन अडथळे अगदी जवळ असतील तर जो उंच त्याचाच आकडा दाखवावा. नियम रूढच होता. नकाशावर एका दरीत धुराडे होते आणि शेजारच्या टेकडीवर खांब. धुराड्यापाशी आकडा होता. खांबाची खूण होती, आकडा नव्हता.

त्यांनी यादी काढली. धुराडे जमिनीपासून तीनशे फूट, खांब एकशेवीस. साच्याने धुराडे उंच मानले होते. पण दरी समुद्रसपाटीपासून दोनशे फुटांवर आणि टेकडी सातशे. म्हणजे धुराड्याचे टोक पाचशे फुटांवर, खांबाचे आठशेवीस. वैमानिकाला टोकाशी कर्तव्य असते, पायथ्याशी नव्हे. नियम लिहिताना मिलीताईंनी उंचीचा चुकीचा रकाना निवडला होता. समुद्रापासूनची उंची पाहायची, तिथे जमिनीपासूनची पाहिली होती. नकाशाची नवी आवृत्ती दर अठ्ठावीस दिवसांनी निघते. तीन आवृत्त्या त्या चुकीसह गेल्या होत्या.

शेजारच्या मेजावर एक सहकारी बसत. प्रत्येक गोष्ट मुळापासून समजावण्याच्या सवयीमुळे त्यांना सारे प्राध्यापक म्हणत. त्यांनी सारे पाहिले आणि आवाज उतरवला.

“ताई, रकाना बदला. अकरा दिवसांनी नवी आवृत्ती निघतेय, त्यात आपोआप बरोबर येईल. माणूस गेलेला नाही, विमान गेलेलं नाही. कोणाला कळतंय?”

“अकरा दिवस तो आकडा कागदावर नाही, प्राध्यापक.”

“तीन महिने नव्हता, तेव्हा काय आभाळ कोसळलं?”

“तेव्हा मला माहीत नव्हतं.”

त्यांनी रकाना दुरुस्त केला, दीड पानांचा अहवाल लिहिला आणि तो घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. तासाभरात वैमानिकांना सूचना गेली. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. ते वयाने लहान होते आणि मिलीताईंच्या हाताखालीच शिकले होते.

“ताई, आता चौकशी होणार. ती संपेपर्यंत साच्यांना हात लावता येणार नाही तुम्हाला. नियम आहे.”

“माहीत आहे. मीच टाइप केलाय तो.”

त्या संध्याकाळी वर्तमानपत्र परत करायला मी त्यांच्याकडे गेलो होतो. दादा खुर्चीत ताठ बसले होते. मिलीताई भाजी चिरीत होत्या.

“विमान पडलं?” दादांनी विचारले.

“नाही.”

“कोणी तक्रार केली?”

“नाही.”

“मग हरिश्चंद्राची गादी रिकामी होती म्हणून जाऊन बसलीस का? अकरा दिवसांत त्या टेकडीवर जाणार होतं कोण?”

“ते मला माहीत असतं तर नकाशे कशाला काढले असते, दादा?”

मग दादांनी हलकेच विचारले, “आणि तुझे साचे?”

“दुसरं कोणी नेईल.” त्यांनी विळी उभी करून भिंतीला टेकवली. “भाजीत मीठ तू घाल. बघू सापडतंय का.”

दादा हसले नाहीत.

निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने मिलीताईंनी भिंग घेऊन छापील नकाशे तपासले. ते काम नवशिक्याचे होते. त्यांनी ते नवशिक्याच्याच आस्थेने केले. चौकशी रेंगाळली. कोणाच्या मनात द्वेष नव्हता. फायलीला घाई नव्हती, इतकेच. साचे न्यायला बाहेरची मंडळी आली. त्यांना जुन्या साच्यांतले नियम गुंतागुंतीचे वाटले. नव्या प्रणालीबरोबर तयार साचे आलेलेच होते.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी मिलीताईंनी प्राध्यापकांना विचारले, “किती नेले?”

एरवी साध्या प्रश्नालाही प्रस्तावना जोडणारे ते गृहस्थ खाली पाहत म्हणाले, “एकही नाही, ताई.”

मिलीताईंनी मान हलवली आणि भिंग पुसून पेटीत ठेवले.

निवृत्तीनंतर दुपारी त्या खिडकीशी बसत. अहवाल दिल्याचा पश्चात्ताप त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, आणि मला वाटते तो नव्हताही. पण ऋजू माणसाला दुःख कमी होते, हा आपला सोयीचा समज आहे. एकदा मी सहज कार्यालयाचा विषय काढला. त्या म्हणाल्या, “नेले नाहीत, ते ठीक. साचे काय, जुने होतातच. पण मला वाटलं होतं, टाकण्याआधी निदान विचारतील. एकेक का तसा केला होता, ते सांगितलं असतं मी. फार वेळ घेतला नसता.”



चौकशीचा निकाल निवृत्तीनंतर पाचव्या महिन्यात आला. चूक अनवधानाने झाली, ती स्वतः कळवली गेली, पुढील कारवाईची आवश्यकता नाही, अशा तीन ओळी होत्या. तोवर हृदयाच्या दुखण्याने मिलीताई अंथरुणाला खिळल्या होत्या. दादांनी ते पत्र भिंतीपलीकडे मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने वाचले. मिलीताई काय म्हणाल्या ते ऐकू आले नाही. नंतर विचारले तर दादा म्हणाले, “ती म्हणाली, ओळींत अंतर कमी आहे.”

पुढच्या पंधरवड्यात त्या गेल्या. प्राध्यापक आले होते, साहेबही आले होते. जाताना साहेब दादांपुढे थांबले, काही सांगायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

दोनशे बारा साच्यांपैकी एकही आज वापरात नाही. नकाशावर तो करणाऱ्याचे नाव छापत नाहीत. त्यामुळे कार्यालयाच्या दप्तरात मिलीताईंच्या नावाचा आणि सहीचा दीड पानांचा तो अहवाल तेवढा आहे. घरी दादा आहेत.